खिडक्यांच्या सात चौकटी आणि एक कमी दिवा: एक्सलाइट्समधल्या मांडणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

वर्षअखेरच्या सुट्ट्यांसाठी एका दुमजली घराच्या दर्शनी भिंतीवर गाण्यांच्या तालावर चालणारा दिव्यांचा शो करायचा होता. भिंतीवरचं काम घरमालकांनी स्वतः केलं आणि संगणकाची बाजू त्यांच्या मुलीने सांभाळली. सीक्वेन्सिंगसाठी, म्हणजे गाण्याच्या कोणत्या क्षणी कोणता दिवा कोणत्या रंगात लागेल हे ठरवण्यासाठी, एक्सलाइट्स हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरलं होतं. शो चालवायला एका छोट्या संगणकावर फाल्कन प्लेअर, म्हणजे एफपीपी, होता. दिवे डब्ल्यूएस२८११ चिपचे, १२ व्होल्टचे गोळी-पिक्सेल, म्हणजे प्रत्येकाचा रंग स्वतंत्र बदलता येणारे छोटे दिवे. ते प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या भोकांत मागच्या बाजूने दाबून बसवलेले होते.

खालच्या मजल्यावर चार खिडक्या. प्रत्येक चौकटीला वर २४, डावीकडे ३६, उजवीकडे ३६ आणि खाली २४, असे १२० दिवे ठरले होते. चारही चौकटी एकामागून एक जोडून, दिव्यांना रंगांची माहिती पाठवणाऱ्या कंट्रोलरच्या पहिल्या पोर्टवर घेतल्या होत्या, म्हणजे त्या पोर्टवर ४८० पिक्सेल. वरच्या मजल्यावर जरा लहान तीन खिडक्या: वर २०, दोन्ही बाजूंना २८-२८, खाली २०, मिळून प्रत्येकी ९६. त्यांची साखळी दुसऱ्या पोर्टवर, एकूण २८८.

एका पोर्टवर ४८० पिक्सेल जास्त होतात का, हा प्रश्न आधीच सुटलेला होता. या चिपला एका पिक्सेलची माहिती पोहोचवायला सुमारे ३० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ४८० पिक्सेलना साधारण १४.४ मिलिसेकंद. सेकंदाला ४० फ्रेम धरल्या तर एका फ्रेमला २५ मिलिसेकंद मिळतात. क्षमतेची अडचण नव्हती.

दिवे कुठे आणि कोणत्या क्रमाने बसवलेत हे एक्सलाइट्सला ‘मॉडेल’मधून सांगायचं असतं. खिडकीसाठी त्यात ‘विंडो फ्रेम’ नावाचं तयार मॉडेल आहे. ते मोजक्याच गोष्टी विचारतं: वर किती दिवे, बाजूंना किती, खाली किती, सुरुवात कोणत्या कोपऱ्यातून आणि वायर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते की उलट. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. डाव्या आणि उजव्या बाजूसाठी या मॉडेलमध्ये एकच आकडा असतो. दोन बाजूंचे दिवे कमी-जास्त असतील तर ते सांगायला जागाच नाही.

मुलीने पहिली खिडकी नीट भरली: सुरुवात खाली डावीकडे, दिशा घड्याळाच्या काट्याप्रमाणे. मग तेच मॉडेल कॉपी करून बाकीच्या खिडक्या मांडल्या आणि वरच्या मजल्यासाठी फक्त आकडे बदलले. घराच्या फोटोवर सातही चौकटी खिडक्यांवर बरोब्बर बसल्या. पडद्यावरच्या प्रिव्ह्यूमध्ये शो देखणा दिसत होता.

अडचण कशी समोर आली

दिवे लावले आणि पहिलं गाणं चालवलं, तेव्हा भिंतीवर बरंच काही जमलं होतं. रंग हळूहळू बदलणारे इफेक्ट उत्तम. खालून वर चढणारे पट्टे सहा खिडक्यांवर ठीक वाटत होते. चौथ्या खिडकीवर मात्र कशाचा कशाला मेळ नव्हता. त्याशिवाय तिसऱ्या खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातला एक दिवा सतत शेजारच्या खिडकीच्या रंगात राहायचा. आणि चौकटीभोवती धावणारी रांग वरच्या मधल्या खिडकीवर आली की, रस्त्यावर उभी असलेली मुलगी म्हणायची, “बाबा, इथून बघितलं तर ती उलटी फिरतेय.”

घरमालकांचा संशय केबलवर गेला. कनेक्टर बदलायचे, चौथ्या खिडकीची अख्खी माळ नवी घ्यायची, असा बेत ठरत आला होता. या टप्प्यावर मला बोलावलं.

केबलचा संशय मला पटला नाही, आणि त्याचं कारण इतर कुणाच्याही कामी येईल. सिग्नल खराब असेल तर दिवे लुकलुकतात, भलतेच रंग क्षणभर चमकतात, आणि प्रत्येक वेळी वेगळं काहीतरी होतं. इथे तेच गाणं पुन्हा लावलं की तोच दिवा, त्याच क्षणी, त्याच चुकीच्या रंगात लागत होता. इतकी शिस्तबद्ध चूक सहसा मांडणीतली असते. वीज कमी पडत असल्याची खूणही नव्हती. सगळे दिवे पांढरे केले तर साखळीच्या शेवटच्या टोकाला पिवळसर-तांबूस झाक यायला हवी होती, तशी ती नव्हती.

तपासणी

गाणं बाजूला ठेवून आम्ही एक साधा तपासणीचा सीक्वेन्स केला. प्रत्येक खिडकीची डावी कड लाल, वरची हिरवी, उजवी निळी आणि खालची पांढरी. चार कडा, चार रंग, हालचाल काहीच नाही. मग रस्त्यावर उभं राहून एकेका खिडकीचे दिवे बोटाने मोजले.

पहिली खिडकी अचूक.

दुसऱ्या खिडकीची डावी आणि वरची कड बरोबर होती. खालच्या कडेचा अगदी उजवीकडचा दिवा मात्र पांढरा असायच्या ऐवजी निळा होता. तिथून नजर वर नेली तर उजव्या कडेत वरून बाराव्या जागी दिवाच नव्हता. पाण्याच्या पाइपचा ब्रॅकेट नेमका तिथे येत होता, म्हणून चौकट बसवताना ते भोक रिकामं सोडलं होतं. चौकटीत प्रत्यक्षात ११९ दिवे होते आणि सॉफ्टवेअर १२० दिव्यांची माहिती पाठवत होतं.

पिक्सेलच्या साखळीत पत्ता नसतो. प्रत्येक चिप आपल्या वाट्याची माहिती उचलते आणि उरलेली पुढे ढकलते. त्यामुळे दुसऱ्या खिडकीसाठीची १२०वी माहिती तिसऱ्या खिडकीच्या पहिल्या दिव्याने उचलली, आणि तिथून पुढचं सगळं एकाने सरकलं. तिसऱ्या खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातला दिवा पांढरा होता आणि वरच्या कडेचा पहिला दिवा लाल. प्रत्येक कोपऱ्यावर एकेक दिवा आधीच्या कडेचा रंग घेऊन बसला होता. चालत्या गाण्यात हे जवळजवळ दिसत नाही. चार रंग स्थिर धरले की लगेच दिसतं.

चौथ्या खिडकीत दोन चुका एकमेकींवर बसल्या होत्या, म्हणून ती सगळ्यांत गोंधळाची. एकाने सरकणं तिच्यापर्यंत पोहोचलं होतंच. शिवाय तिसऱ्या खिडकीकडून आलेली वायर खालच्या डाव्या कोपऱ्यात शिरल्यावर डाव्या कडेने वर चढलीच नव्हती. बसवताना हात सरळ चालत राहिला आणि वायर आधी खालच्या कडेने उजवीकडे, मग उजवीकडून वर, वरून डावीकडे आणि शेवटी डावीकडून खाली आली होती. सुरुवातीचा कोपरा बरोबर, दिशा उलटी. बाजूंना ३६ आणि वर-खाली २४ असल्यामुळे रंगांचे तुकडे कोपऱ्यांवर तुटत नव्हते. वरच्या कडेसाठी पाठवलेला हिरवा रंग उजव्या उभ्या कडेच्या वरच्या २३ दिव्यांवर आला होता आणि एक दिवा कोपरा ओलांडून वरच्या कडेवर. हा ‘२३ आणि १’ दिसला तेव्हा दोन्ही चुका वेगळ्या काढता आल्या. नुसती दिशा उलटी असती तर पूर्ण २४ दिवे उजव्या कडेवरच दिसले असते. उरलेला एक, दुसऱ्या खिडकीतून आलेला.

वरच्या मजल्याची साखळी वेगळ्या पोर्टवर होती, त्यामुळे खालचं सरकणं तिथे पोहोचलं नव्हतं. तिथे डावी आणि उजवीकडची खिडकी बरोबर निघाली. मधल्या खिडकीत वरचा आणि खालचा रंग जागेवर, पण डावीकडे निळा आणि उजवीकडे लाल. आरशात पाहिल्यासारखी अदलाबदल.

तिचं कारण सापडलं ते चौकट उतरवल्यावर. गोळी-पिक्सेल मागून दाबायचे असल्याने चौकट टेबलावर पालथी ठेवूनच काम होतं. इतर चौकटी भरून झाल्यावर उलथ्या केल्या होत्या आणि सुरुवातीचा कोपरा व दिशेचा बाण पुढच्या बाजूवर मार्करने काढला होता. या चौकटीवर बाण मागच्या बाजूलाच होता. मागून जो खालचा डावा कोपरा, तो रस्त्यावरून खालचा उजवा. मागून जी घड्याळाची दिशा, ती रस्त्यावरून उलटी. बाण खरा होता, पण तो वाचला गेला पुढून पाहणाऱ्याच्या हिशेबाने.

या आरशाच्या चुकीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ती सगळ्यांत उशिरा लक्षात येते. डावी-उजवी बदलली तरी वर-खाली तसंच राहतं. त्यामुळे खालून वर चढणारे पट्टे, मधून फुलणारे आकार, संपूर्ण चौकट एका रंगात नेणारे इफेक्ट, हे सगळं अगदी बरोबर दिसतं. ती उघडी पडते फक्त चौकटीभोवती धावणाऱ्या रांगेत आणि डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या रंगात. अशा इफेक्टविना अर्धा शो तपासून ‘सगळं ठीक आहे’ म्हणता येतं.

पर्याय

चौथी आणि वरची मधली खिडकी यांचा निर्णय सोपा होता. चौकटी उतरवून वायर पुन्हा ओवायची, किंवा जशी वायर आहे तसं मॉडेलला सांगायचं. शिडीवर चढून १२० दिवे काढून पुन्हा दाबण्याला काही अर्थ नव्हता. सॉफ्टवेअरला कुठलाही कोपरा आणि कुठलीही दिशा चालते.

खरा प्रश्न दुसऱ्या खिडकीचा होता, आणि त्यावर आमचा वेळ गेला.

मुलीने तिथे आधी ‘पॉली लाइन’ वापरून पाहिलं होतं. या मॉडेलमध्ये प्रत्येक कडेचे दिवे स्वतंत्र सांगता येतात. ३६, २४, ३५, २४ भरले की बेरीज ११९ आणि पुढचं सरकणं बंद. साखळीच्या दृष्टीने हे बरोबर होतं, तरीही तिने ते मागे घेतलं होतं. तिचं म्हणणं होतं की त्या एका खिडकीवर इफेक्ट वेगळेच दिसतात.

तिचं निरीक्षण नेमकं होतं. मॉडेल दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकदम देत असतं. पहिला प्रश्न वायरचा: कितवा दिवा कुठे आहे? दुसरा बफरचा: इफेक्ट ज्या चौकोनी पटावर रंगवला जातो त्या पटावर हे दिवे कसे मांडलेत? विंडो फ्रेमचा पट पोकळ आयतासारखा असतो. आपल्या खालच्या खिडकीसाठी २६ रकाने आणि ३६ ओळी, आणि दिवे फक्त कडेच्या घरांत. २६ गुणिले ३६ च्या पटाच्या कडेला बरोबर १२० घरं येतात. ‘मार्की’ इफेक्ट पटाच्या कडेकडेने फिरतो, म्हणून तो खिडकीवर इतका शोभतो. पॉली लाइनचा नेहमीचा पट मात्र एका सरळ रेषेचा असतो. तिच्यावर वर-खाली असं काही उरतच नाही. खालून वर चढणारा पट्टा चढायला ओळीच नाहीत, आणि मार्कीला फिरायला कडा नाहीत. वायरचं उत्तर बरोबर आलं, बफरचं बदललं.

यावर उपाय आहे. इफेक्टच्या प्रत्येक थरावर रेंडर स्टाइल ‘पर प्रिव्ह्यू’ केली की दिव्यांची फोटोवरची जागा धरली जाते. पण ते प्रत्येक इफेक्टला करावं लागलं असतं, आणि दुसऱ्या कुणाचा तयार सीक्वेन्स आणला की पुन्हा तेच.

दुसरा पर्याय सोल्डरिंगचा होता. ब्रॅकेटच्या जागी एक जादा पिक्सेल वायरमध्ये घालायचा आणि काळी टेप लावून चौकटीमागे दडवायचा. भिंतीवर एक भोक रिकामंच दिसेल, पण वायरवर १२० पुरे होतील आणि विंडो फ्रेम जसंच्या तसं चालेल. मला हा मार्ग मनापासून आवडतो, कारण सातही मॉडेल एकाच जातीची राहतात. पण तो जोड साखळीच्या मधोमध, उघड्यावर येणार होता. पाणी शिरून तो बिघडला तर तिसरी आणि चौथी खिडकी दोन्ही अंधारात. घाईत, शिडीवर, थंड हाताने केलेल्या जोडावर तेवढा भरवसा ठेवणं मला योग्य वाटलं नाही.

तिसरा पर्याय ‘कस्टम’ मॉडेल. यात एक कोरा तक्ता मिळतो आणि कितवा दिवा कोणत्या घरात ते आपण लिहायचं. काम कंटाळवाणं, पण एकदाच.

चौथा पर्याय घरमालकांनी सुचवला. कंट्रोलरवर पोर्ट मोकळे होते. प्रत्येक खिडकीला आपापला पोर्ट दिला तर एकीची चूक दुसरीपर्यंत जाणार नाही. विचार अगदी योग्य होता. पण त्याने दुसऱ्या खिडकीची आतली चूक सुटत नव्हती, आणि त्यासाठी भिंतीवरून आणखी केबल ओढाव्या लागल्या असत्या.

काय केलं

आधी शो फोल्डरची प्रत काढली. मॉडेलची सगळी मांडणी तिथल्या दोन एक्सएमएल फायलींत असते, एकीत लेआउट आणि दुसरीत कंट्रोलर. त्या जपल्या की मागे फिरता येतं.

मग साखळीच्या क्रमाने पुढे गेलो. क्रम महत्त्वाचा होता. आधी चौथी खिडकी दुरुस्त केली असती तर सरकणं तसंच राहिलं असतं आणि दिशा बरोबर केली की नाही याची खात्री पटली नसती.

दुसऱ्या खिडकीसाठी कस्टम मॉडेल निवडलं. तक्ता मुद्दाम २६ रकाने आणि ३६ ओळींचाच घेतला, म्हणजे बाकीच्या तीन खिडक्यांशी पट तंतोतंत जुळेल. डाव्या रकान्यात खालून वर १ ते ३६, वरच्या ओळीत ३७ ते ६०. उजव्या रकान्यात वरून खाली ६१ ते ७१, मग एक घर रिकामं, मग ७२ ते ९५. खालच्या ओळीत उजवीकडून डावीकडे ९६ ते ११९. रिकामं घर ब्रॅकेटच्या जागीच. इफेक्ट त्या घरातही रंगतो, तिथे दिवा नाही एवढंच. मार्कीची रांग त्या जागी क्षणभर एक दिवा गाळून पुढे जाते आणि लय चुकत नाही.

पुढच्या मॉडेलचे स्टार्ट चॅनेल, म्हणजे प्रत्येकाची माहिती कितव्या क्रमांकापासून सुरू होते ते आकडे, हाताने लिहिलेले होते. ते पुसून प्रत्येक खिडकी आधीच्या खिडकीच्या शेवटाला जोडली. आता एखाद्या चौकटीत दिवे वाढले-घटले तरी पुढचे आकडे आपोआप सरकतात. जिथे साखळी आहे तिथे मी हे करायला सांगतोच. हाताने लिहिलेल्या आकड्यांत एक बदल केला की पुढचे सगळे बदलायचे असतात, आणि एखादा हमखास राहतो.

चौथ्या खिडकीत फक्त दिशा बदलली. वरच्या मधल्या खिडकीत कोपरा खालचा उजवा केला आणि दिशा उलटी. मग वायरिंगचं चित्र उघडून पाहिलं. एक्सलाइट्समध्ये ते पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी पाहता येतं. उतरवलेली चौकट पालथी धरून मागच्या बाजूच्या चित्राशी ताडून पाहिली आणि मगच परत लावली.

यानंतर एक गोंधळ झाला. संगणकावर सगळं बरोबर होतं, गाणं लावलं, आणि भिंतीवर जुन्याच चुका. मुलगी पुन्हा मॉडेलचे आकडे बदलायला निघाली होती, तिला थांबवलं. शो एफपीपीवरून चालत होता, आणि एफपीपी वाजवतो ती आधीच रेंडर करून, म्हणजे इफेक्टचे अंतिम रंग काढून, ठेवलेली एफसेक फाइल. तिच्यात प्रत्येक चॅनेलचा रंग गोठवलेला असतो. मॉडेल बदललं तरी ती आपोआप बदलत नाही. प्रत्येक सीक्वेन्स पुन्हा रेंडर केला, जतन केला, एफपीपीवर नव्याने चढवला. कंट्रोलरलाही पोर्टवरच्या पिक्सेलची नवी संख्या पाठवली: ४८० नव्हे, ४७९. मग भिंत आणि पडदा जुळले.

शेवटी प्रत्येक खिडकीत डावी, वरची, उजवी, खालची अशी चार सबमॉडेल, म्हणजे एकाच मॉडेलचे स्वतंत्र वापरता येणारे तुकडे, केली. इथे एक बारकावा आहे. वायर कशीही फिरो, सगळ्या खिडक्यांची ‘डावी’ कड खालून वर मोजली गेली पाहिजे, नाहीतर सातही डाव्या कडांवर एकदम चढणारा रंग एखादीवर उतरताना दिसेल. पहिल्या खिडकीत डावी कड १-३६ आहे. चौथ्या खिडकीत वायर डावीकडून खाली येते, म्हणून तिथे उलट लिहायचं: १२०-८५. वरची कड डावीकडून उजवीकडे हवी असेल तर पहिल्या खिडकीत ३७-६० आणि चौथीत ८४-६१. उजवी कड पहिलीत ९६-६१, चौथीत २५-६०. हे आकडे कागदावर लिहून काढल्याशिवाय टाइप करायला बसू नये.

ग्रुप दोन केले, दोन्हींत त्याच सात खिडक्या. एकाचा बफर फोटोवरच्या जागेप्रमाणे, संपूर्ण घरावरून वाहत जाणाऱ्या रंगासाठी. दुसऱ्याचा प्रत्येक मॉडेल स्वतंत्र धरणारा, म्हणजे प्रत्येक खिडकी आपापली फिरेल. सीक्वेन्समध्ये ग्रुप वर आणि एकेकटी मॉडेल खाली ठेवली, कारण खालची ओळ वरच्या ओळीवर रंगते.

निकाल

चार रंगांची तपासणी सातही खिडक्यांवर बरोबर आली. चौकटीभोवतीची रांग सगळीकडे एकाच दिशेने फिरू लागली. नवी माळ घ्यावी लागली नाही, कनेक्टरही बदलावे लागले नाहीत. रस्त्यावरून दुसऱ्या खिडकीतला रिकामा ठिपका ज्याला माहीत आहे त्यालाच दिसतो.

एक गोष्ट पुरती सुटली नाही. त्यांनी आणलेल्या एका तयार सीक्वेन्समध्ये खिडक्या विंडो फ्रेम धरलेल्या होत्या. दुसऱ्या खिडकीशी त्यांची सांगड घातल्यावर पट सारखाच असल्याने इफेक्ट नीट आले, पण जिथे मूळ कर्त्याने दिव्यांच्या क्रमांकावर काम केलं होतं तिथे रिकाम्या घरानंतर एका दिव्याचा फरक राहिला. तेवढे इफेक्ट मुलीने हाताने सरकवले.

वेगळं काय करता आलं असतं

मॉडेल कॉपी करण्यात चूक नव्हती. कॉपीनंतर प्रत्येक खिडकीचे दिवे भिंतीवर मोजून आकड्यांशी ताडायला हवे होते. फोटोवरचा प्रिव्ह्यू तेच दाखवतो जे आपण त्याला सांगितलं आहे, त्यामुळे त्यावरून वायर तपासता येत नाही. चार रंगांचा तपासणी सीक्वेन्स गाण्याच्या आधी, आणि तोही चौकटी टेबलावर असतानाच चालवला असता, तर वरची मधली चौकट उतरवावीच लागली नसती.

बाण आणि सुरुवातीचा कोपरा नेहमी पुढच्या बाजूवर काढावा. मागे काढायचाच असेल तर शेजारी ‘मागून’ असं लिहावं.

ब्रॅकेट आधीपासून तिथेच होता. भोक रिकामं सोडतानाच जादा पिक्सेल घरात, कोरड्या टेबलावर जोडून चौकटीमागे दडवता आला असता. तेव्हा जोड नीट सीलबंद झाला असता आणि मी सोल्डरिंगचा मार्गच निवडला असता. भिंतीवर चढल्यानंतर तो मार्ग बंद झाला, असं माझं मत आहे. घरमालकांना अजूनही वाटतं की तेव्हाही जमलं असतं, आणि त्यांचा हात पाहता ते अगदी चुकीचं नसेल.

पोर्टच्या बाबतीत मात्र मी आता त्यांच्याकडे झुकतो. ४८० पिक्सेलची साखळी एका पोर्टवर आरामात चालते. पण क्षमता पुरणं ही एक गोष्ट आणि चूक पसरू न देणं ही दुसरी. प्रत्येक खिडकीला आपला पोर्ट असता तर तिसरी खिडकी पहिल्या रात्रीच स्वच्छ निघाली असती, चौथीत एकच चूक उरली असती, आणि केबलवर संशय घ्यायची वेळ आली नसती. पुढच्या हंगामासाठी निदान दुसऱ्या खिडकीनंतर साखळी तोडून तिसरी आणि चौथी मोकळ्या पोर्टवर न्यायचं ठरलं आहे, आणि ब्रॅकेटच्या जागी चौकट दोन बोटं पुढे घेऊन तिथे दिवा बसतो का, तेही तेव्हाच पाहायचं आहे.